पाते वेगळे, म्यान वेगळे

अण्णांना कुणी डॉक्टर म्हटले की ते लगेच दुरुस्त करत. "डॉक्टर न्हाय. ड्रेसर." उमरगा तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षे ड्रेसरची नोकरी केली. खुरातला काटा काढणे, जखम धुणे, पट्टी बांधणे, लसीकरणाच्या दिवशी दावे घट्ट धरणे हे काम. खेड्यांतल्या लोकांच्या लेखी दवाखान्याची पेटी घेऊन येणारा तो डॉक्टर. निवृत्तीनंतरही रस्त्यात कुणी "काय डॉक्टर, बरं हाय ना?" असे विचारले, तर अण्णा थांबत, दुरुस्ती करत, आणि मगच बरे आहे की नाही ते सांगत.

मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत चार वर्षे भाड्याने राहिलो. एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. खोली दाखवताना त्यांनी लांबी-रुंदी फुटात आणि इंचात सांगितली आणि एक कोपरा काटकोनात नाही, हेही सांगितले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या शेजारी सहा इंची पोलादी पट्टी असे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, थापलेली भाकरी त्यांनी एकदा मोजली होती, असे काकू सगळ्यांना सांगत. अण्णा ते नाकारत नसत.

त्यांच्याकडे एकोणीस जुने लष्करी सुरे होते. संगिनी, कुकऱ्या, रुंद पात्याचे सुरे, एक कट्यारीसारखा आखूड. काही निजामाच्या फौजेतले, काही इंग्रजी पलटणीतून परतलेल्या शिपायांच्या घरचे, काही महामार्गावरच्या भंगारवाल्यांकडून आलेले. "एकोणीस सुरे हायेत घरात," काकू म्हणत, "आन् मला वांगं चिरायचं म्हणलं की विळी पायरीवर घासावी लागती."

संग्रहाची सुरुवात एका खुंटीपासून झाली. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात ते लसीकरणाला गेले होते. गोठ्याच्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला वासरू बांधले होते. अण्णांना त्या खुंटीच्या मुठीत एक खाच दिसली. बंदुकीच्या नळीवर बसवण्याची खाच. मालकाला ती खुंटी होती एवढेच ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी अण्णा सायकलवरून पुन्हा गेले, लोहाराकडून करून घेतलेली नवी खुंटी भिंतीत स्वतः ठोकली आणि संगीन घेऊन आले. पुढे तोच नियम झाला. जुना सुरा ज्या घरात ज्या कामाला लागत असेल, त्या कामाची नवी वस्तू द्यायची. कडबा तोडणाऱ्याला कोयता, नारळ फोडणाऱ्याला सत्तूर, भंगारवाल्याला तेवढ्याच वजनाचे लोखंड. त्यांनी एकही सुरा विकत घेतला नाही.

मला पहिल्यांदा नवल वाटले ते मांडणीचे. सुरे पूर्वेकडच्या खोलीत, लोखंडी कपाटात. चामडी म्याने माजघरात, फळीवर. मध्ये भिंत. प्रत्येक सुऱ्याच्या मुठीला दोऱ्याने बांधलेला क्रमांक, तोच क्रमांक त्याच्या म्यानाला. ज्याचे म्यान मिळाले नव्हते, त्याला त्यांनी मोच्याकडून मापाचे करून घेतले होते. जागेची अडचण असेल असे समजून मी विचारले.

"म्यानात ठिवलं की सुरा जपला, असं सगळ्यांस्नी वाटतं," अण्णा म्हणाले. "चामडं कशानं कमवत्यात? बाभळीच्या सालीनं. ती साल चामड्यात मुरल्याली असती. पावसाळ्यात चामडं ओल पितं आन् लोखंडाला देतं. वरनं सगळं झाक. आत पातं सडतंय. म्यान म्हंजी चप्पल हाय, भाऊ. बाहीर पडताना घालायची. घरी आल्यावर काढायची."

रिकामे म्यान चपटे होऊन सुकते, शिवण फाकते. म्हणून प्रत्येक म्यानासाठी त्यांनी सागाच्या फळीतून त्याच मापाचे लाकडी पाते तासले होते. एकोणीस लोखंडी पाती कपाटात, एकोणीस लाकडी पाती म्यानात. चामड्याला तेल ते क्वचितच लावत. वर्षातून एकदा, बोटाच्या टोकाने, उन्हाळ्यात. सुऱ्यांना शिलाई मशीनचे तेल, दर महिन्याला, जुन्या धोतराच्या फडक्याने.

पाहुण्याने पात्याला हात लावलेला त्यांना चालत नसे. तरीही लोक लावत, कारण सुरा समोर आला की माणूस धारेवर अंगठा फिरवतोच. त्यासाठी त्यांनी एक मोडका सुरा वेगळा ठेवला होता. तो आधी पुढे करत. मीही अंगठा फिरवला. पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून तो सुरा दाखवला. पात्यावर तांबूस रंगात एक ठसा उमटला होता, रेषा न् रेषा मोजता येईल असा.

"ह्यो तुमचा," ते म्हणाले. "ह्यो शेजारच्या तलाठ्याचा. ह्यो आमच्या मेव्हण्याचा, त्याचं मीठ जरा जास्तच हाय."

खंडेनवमीला मात्र घरात दरवर्षी तंटा होई. शस्त्रपूजेला हळद-कुंकू सुऱ्यांना लागलेच पाहिजे, असे काकूंचे म्हणणे. हळद-कुंकू ओल धरते, पाते खाते, असे अण्णांचे. एका वर्षी अण्णांनी कागदावर कुंकू ठेवून तो सुऱ्यांशेजारी मांडला. "तुळजापूरची आई हाय ती, तिला कागद दाखवताव व्हय?" काकू म्हणाल्या आणि पाटावरून उठल्या. शेवटी तोडगा निघाला तो असा: पाटावर लाकडी पाती मांडायची, हळद-कुंकू त्यांना लावायचे, झेंडूची फुले त्यांना वाहायची. कपाटाला फक्त बाहेरून नमस्कार. मी पाहिलेल्या तीन खंडेनवम्या अशाच झाल्या. शेजारच्या बायका हसत. काकू त्यांना म्हणत, "हसू नगा. आमच्यात शस्त्र सागाचं आन् माणूस लोखंडाचा."

त्यांच्या वहीत प्रत्येक सुऱ्याला दोन पाने होती. डाव्या पानावर स्वतः पाहिलेले: माप, खुणा, ठोकलेले आकडे, शिवणीचे टाके, गंजाच्या जागा. उजव्या पानावर लोकांनी सांगितलेले. या सुऱ्याने आजोबांनी तीन शत्रू मारले, या कुकरीने वाघ मारला, वगैरे. डावीकडचे उजवीकडे जात नसे आणि उजवीकडचे डावीकडे येत नसे. अनेक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मी एवढी शिस्त पाहिलेली नाही.

त्यामुळेच मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले. रविवारच्या पुरवणीसाठी, अर्ध्या पानाचा मजकूर. अण्णांची एकच अट होती, मापे अचूक हवीत. मजकूर पाठवण्याआधी त्यांनी तो वाचला आणि एका ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. मी संगिनीचे पाते "सुमारे बारा इंच" लिहिले होते. "साडेअकरा हाय. साडेअकराच लिवा." मी लिहिले. बाकीची मापेही दिली. चौकटीत, ओळीने.

मजकूर रविवारी छापून आला. दिवसभर तो लोकांच्या मोबाईलवर फिरला. मंगळवारी सकाळी पोलीस आले.

निरीक्षक सभ्य होते. बूट काढून आत आले. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याचे सुरे विनापरवाना बाळगण्याचा प्रश्न येतो, हे त्यांनी सांगितले. "आम्ही शोधायला आलो नव्हतो, अण्णा. पण चौकटीत मापं छापून आली आहेत. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?" त्यांच्या हातात ते कात्रण होते.

अण्णांनी वही काढून दिली. पाच सुरे नऊ इंचांच्या वर भरले. दोन संगिनी, एक कुकरी, दोन रुंद पात्याचे. पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून एक सही माझी आहे.

तोपर्यंत अण्णा शांत होते. काकूंनी सगळ्यांना चहा दिला होता. मग हवालदाराने माजघरातून पाच म्याने आणली, त्यांतली लाकडी पाती उपसून बाजूला ठेवली आणि ज्याच्या त्याच्या क्रमांकाप्रमाणे सुरे म्यानांत घातले. तो काळजीपूर्वकच करत होता. "जोडी फुटायला नको," तो म्हणाला. "मुद्देमालात एक वस्तू हरवली तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं."

अण्णा उभे राहिले. "आसं करू नगा."

"काय झालं?"

"न्यायचं तर न्या. म्यानात घालू नगा. पावसाळा तोंडावर हाय."

निरीक्षकांनी वर पाहिले. बाभळीची साल, ओल, लोखंड हे सगळे त्यांनी ऐकून घेतले. पण पंचनाम्यात 'म्यानासह सुरा, नग पाच' असे लिहून झाले होते. सुरे कापडात गुंडाळले गेले, सुतळी बांधली गेली, गाठीवर लाख ओतून शिक्का उठवला गेला. आता न्यायालयाच्या हुकमाशिवाय ते कुणालाच उघडता येणार नव्हते.

जीप गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, की मापे मी द्यायला नको होती.

"माप बरोबर हुतं," ते म्हणाले. दोष देण्याचा विषय त्यांच्यापुरता तिथे संपला.

त्यानंतर अण्णा दर गुरुवारी, बाजाराच्या पिशवीसह, पोलीस ठाण्यात जाऊ लागले. मुद्देमालाची खोली ठाण्याच्या मागच्या बाजूला होती. वर पत्रे, एका भिंतीला ओल. आत जप्त मोटारसायकलींचे सुटे भाग, गुटख्याची पोती, हातभट्टीचे डबे, वाळूचोरांची फावडी. खोलीची जबाबदारी एका महिला हवालदारांकडे होती. सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्या गुरुवारी त्यांनी अण्णांना दारातच थांबवले.

"अण्णा, सील तोडता येत नाही. माझी नोकरी जाईल."

"सील तोडा कोण म्हणतंय? खोली कोरडी करतो म्हणतोय."

पिशवीत मातीची चार बोळकी आणि कळीचा चुना होता. पानाला लावतात तो नव्हे, भट्टीतून निघालेले कोरडे खडे. हा चुना हवेतली ओल शोषतो आणि फुटून त्याची भुकटी होते. अण्णांनी चार कोपऱ्यांत चार बोळकी ठेवली. दुसऱ्या गुरुवारी भुकटी काढून नवे खडे भरले. तिसऱ्या गुरुवारी सुऱ्यांचे गाठोडे ओल्या भिंतीपासून हलवून उंच फळीवर ठेवण्याची परवानगी मिळवली. गाठोडे मॅडमनी स्वतः उचलले. अण्णांनी हात लावला नाही. श्रावणात एक पत्रा गळू लागला तेव्हा त्यांनी वरची भेग डांबराने बुजवली.

"खोलीतला वास गेला हो अण्णा," मॅडम एकदा म्हणाल्या. "रजिस्टरला बुरशी यायची, ती बंद झाली. तुमची केस दोन-तीन वर्षं चालूच ठेवा."

"आमची मंडळी ठिवू दील का," अण्णा म्हणाले.

न्यायालयात अर्ज केला होता. वकील उमरग्याचेच, घाईतले पण मनाने चांगले. कायद्यात जुन्या, कालबाह्य वस्तूंना सूट मिळू शकते, हे त्यांनी शोधून काढले होते. प्रतिज्ञापत्र तयार करून ते घरी आले. मी ओट्यावर बसलो होतो.

"एक ओळ आहे अण्णा. 'सदर वस्तू जुन्या, जीर्ण व वापरास निकामी आहेत.' सही करा. सुरे घरी."

अण्णांनी ओळ दोनदा वाचली. "जुन्या, व्हय. जीर्ण न्हायत. निकामी तर न्हायतच."

"कोण तपासतंय?"

"तपासलं तर?"

"तपासलं तर पावसाळा त्या खोलीत काढलेले सुरे गंजलेलेच निघतील. म्हणजे खोटंही होणार नाही."

"गंजू ने म्हणून तर म्या दर गुरुवारी चुना ठिवतोय."

वकिलांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही स्वतःच्या विरुद्धचा पुरावा जपताय. कळतंय का? ते जितके चांगले राहतील, तितके ते परत मिळणं अवघड. सही केली नाही तर सरकारजमा होतील. सरकारजमा म्हणजे उद्या कुणी वितळवायचाही हुकूम काढू शकतो."

वितळवायचा हा शब्द ऐकून अण्णांनी पट्टी खिशातून काढली, पुन्हा ठेवली.

वकील गेल्यावर काकूंनी विषय धरला. "आवो, एक शबुद हाय. लिवा की. पाच सुरे घरला येत्यात."

"निकामी लिवलं, तर चाळीस वर्सं म्या काय केलं ते सांग."

"तेच तर मी चाळीस वर्सं इचारतीय," काकू म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी सहीचा आग्रह धरला नाही.

अण्णांनी प्रतिज्ञापत्र स्वतः लिहिले. पाच सुऱ्यांची पाच पाने, वहीतल्या डाव्या पानाप्रमाणे. पात्याची लांबी, धार शाबूत, टोक शाबूत, म्यानाचे किती टाके उसवलेले, कुठे. उजव्या पानातले एक अक्षरही घेतले नाही. वकिलांनी ते कपाळाला हात लावून दाखल केले.

सुनावणी दिवाळीनंतर झाली. मी बातमीदारांच्या बाकावर होतो. लाखेचे गाठोडे टेबलावर होते, शेजारी मॅडम उभ्या होत्या. न्यायाधीशांनी पाच पाने चाळली.

"हे सुरे वापरण्याच्या स्थितीत आहेत?"

"हायेत, साहेब."

वकील खाली बघत राहिले.

"सगळे?"

"सगळे. पाचव्याच्या मुठीजवळ तांबूस रेघ धरली आसंल. बाकी साफ असावेत."

"गाठोडं उघडलेलं नाही. तुम्हाला कसं माहीत?"

"त्याच्या म्यानाच्या तोंडाला पितळंची कडी हाय. पितळ आन् ओलं चामडं, दोन्ही तिथंच लागत्यात."

न्यायाधीशांनी सील काढायला सांगितले. मॅडमनी एकेक सुरा उपसला. चार स्वच्छ होते. पाचवा थोडा अडला, मग निघाला. मुठीजवळ एक बोट रुंदीची तांबूस रेघ होती. न्यायाधीशांनी ती चष्म्याखालून पाहिली आणि सुरा खाली ठेवला.

"तुमची मागणी काय आहे?"

"मोडू नगा, साहेब. आन् म्यानात ठिवू नगा."

"परत नको आहेत?"

"पायजेत की. पर आधी हे."

निकाल आठ दिवसांनी आला. सुरे वापरण्याजोगे असल्याचे अर्जदारानेच मान्य केले आहे, सबब परवान्याशिवाय ते त्याच्या ताब्यात देता येत नाहीत. मात्र त्यांचे जुनेपण लक्षात घेता ते नष्ट करू नयेत. सरकारी संग्रहालयाकडे देण्याबाबत निर्णय होईपर्यंत ते ठाण्यातच राहावेत. तोवर पाती व म्याने स्वतंत्र ठेवावीत आणि ठेवण्याची पद्धत अर्जदाराने ठाण्यास दाखवून द्यावी.

"हरलो, अण्णा," न्यायालयाच्या पायऱ्यांवर वकील म्हणाले. "मी सांगत होतो."

अण्णा हुकमाची प्रत वाचत होते. बोट खालून दुसऱ्या ओळीवर थांबले होते. "हितं काय लिवलंय ते बगा की," ते म्हणाले. "न्यायाधीशानं लिवलंय. आता ठाणेदार बदलला तरी कुणाला म्यानात घालता येत न्हाय."

पुढच्या गुरुवारी ते ठाण्यात गेले. सोबत पाच लाकडी पाती, तेलाची बाटली, फडकी आणि मुठींना बांधायचा दोरा होता. मीही होतो, हुकमाच्या अंमलबजावणीची चार ओळींची बातमी द्यायची होती. अण्णांनी एक सुरा करून दाखवला. उरलेले चार मॅडमनी केले. दुसऱ्याच सुऱ्याला त्यांचे बोट धारेकडे गेले.

"पात्याला न्हाय. मुठीला धरा."

"सॉरी अण्णा."

"सॉरी मला कशाला? पुसा."

मॅडमनी पुसले. पाचव्यावरची तांबूस रेघ त्यांनीच तेलाच्या फडक्याने तासभर घासली. अण्णांनी मध्ये हात घातला नाही. रेघेची सावली उरली. ती तशीच राहू द्यायला त्यांनी सांगितले, आणखी घासले तर पाते पातळ होईल. पाती वरच्या फळीवर, फडक्यांवर मांडली गेली. म्याने लाकूड भरून समोरच्या भिंतीच्या फळीवर. क्रमांक दोन्हीकडे. मॅडमनी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि अण्णांनी तिच्याखाली सही केली.

"पुढच्या गुरुवारी येताय ना?" मॅडमनी विचारले.

"कशाला?"

"बघायला. नीट आहेत का ते."

"तुमाला येतंय की आता," अण्णा म्हणाले.

त्यांनी तेलाची बाटली आणि उरलेली फडकी तिथेच ठेवली. बाजाराला जाताना त्यांना ठाण्यावरूनच जावे लागे. मी तिथे होतो तोवर, आणि काकूंच्या सांगण्याप्रमाणे नंतरही, ते दर गुरुवारी फाटकासमोरून सरळ पुढे जात.